सायरन उगाच वाजतो? कारण असे शोधा

अलार्म सिस्टिम बसवलेल्या घरांतून आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीसाठी: घरात कोणी शिरलेले नसताना सायरन वाजतो. तक्रार रास्त आहे. असे दोन-तीनदा झाले की घरची मंडळी वैतागतात आणि रात्री सिस्टिम चालू करणेच सोडून देतात. मग ती असून नसल्यासारखी.

‘काहीच नव्हते, तरी वाजला’ हे वाक्य मात्र बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. सेन्सरला काहीतरी जाणवलेले असते, फक्त तो चोर नसतो. ते काय होते हे शोधायला फारशी हत्यारे लागत नाहीत.

सायरन वाजल्यावर आधी काय पाहायचे

तुम्ही बाहेरून येत असाल आणि दार उघडे किंवा काच फुटलेली दिसली, तर आत पाऊल टाकू नका. पोलिसांना फोन करा. सगळे जागच्या जागी असेल, तर सायरन बंद केल्यावर लगेच कीपॅडवर किंवा ॲपमध्ये दोन गोष्टी पाहा: कोणता झोन (एका किंवा काही सेन्सरना नेमून दिलेला घराचा भाग) वाजला आणि किती वाजता. मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर उत्तम, कारण काही पॅनेलमध्ये (सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य पेटीत) सिस्टिम पुन्हा चालू करताच स्क्रीनवरची खूण पुसली जाते.

अशा तीन-चार नोंदी जमल्या की अर्धे निदान होते. एकच झोन आणि रोज साधारण तीच वेळ असेल, तर ऊन, टायमरवर चालणारे एखादे यंत्र किंवा गाडीचा प्रकाशझोत असे काहीतरी ठरलेले कारण शोधा. झोन तोच पण वेळ कधीही, तर त्या सेन्सरची बॅटरी, सैल झालेला स्क्रू, ढिली वायर किंवा आत शिरलेला किडा. आणि वेगवेगळे झोन एकाच क्षणी वाजत असतील, तर सेन्सरना दोष देऊ नका. वीजपुरवठा, पॅनेलची बॅटरी किंवा मुख्य वायरिंग तपासायला हवे.

हालचाल ओळखणारा सेन्सर

सर्वांत जास्त खोटे अलार्म इथून येतात, म्हणून हा नीट समजून घ्या. खोलीच्या कोपऱ्यात उंचावर बसवलेली पांढरी डबी म्हणजे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर. ती स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत निघत असतात. माणसाच्या बाबतीत त्यांचा जोर १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. डबीच्या पुढच्या दुधी प्लास्टिकवर दिसणारे बारीक चौकोन म्हणजे भिंगे. ती खोलीचे उलगडलेल्या जपानी पंख्यासारखे पट्टे पाडतात. एखादी उबदार वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की आतल्या दोन संवेदकांवर उष्णता आगेमागे पडते आणि त्यावरून सेन्सर ‘हालचाल’ असे ठरवतो. म्हणूनच खोलीत आडवे चालणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ त्याच्याकडे येणारा जरा उशिरा.

थोडक्यात, त्याला माणूस दिसत नाही. सरकणारा तापमानाचा फरक दिसतो. खिडकीची काच हे किरण बरेचसे अडवते, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्या माणसामुळे सहसा अलार्म होत नाही. पण काचेतून आलेल्या उन्हाने पडदा तापतो, आणि तोच पडदा वाऱ्याने हलला की सेन्सरपुढे एक उबदार वस्तू हलू लागते. एसी किंवा हीटरचा झोत थेट डबीवर येत असेल तरी तेच. चालू पंख्याखाली वाळत घातलेले कपडे, वाढदिवसानंतर छताशी तरंगत राहिलेले फुगे हेही नेहमीचे संशयित. फुगे फोडूनच बाहेर पडा.

किड्यांचे तर विचारूच नका. खोलीतून फिरणारी मुंगी सेन्सरला दिसत नाही, पण तीच भिंगावर चढली की तिच्या मागचा अख्खा पट्टा झाकला जातो. कोळ्याला तर हा कोपरा फारच आवडतो. महिन्यातून एकदा मऊ कोरड्या कापडाने डबी पुसा. तिच्यावर कीटकनाशक फवारू नका, दुधी प्लास्टिक खराब होते. वायर जिथून आत जाते ते भोक उघडे दिसले तर आम्हाला सांगा, सिलिकॉनने बंद करून देऊ.

घरात कुत्रा-मांजर असेल तर एक खुलासा. पाळीव प्राण्यांना सोडून देणारे सेन्सर ठरावीक वजनापर्यंतच आणि प्राणी जमिनीवर असेल तरच नीट काम करतात. मांजर सोफ्याच्या पाठीवर चढले की सेन्सरच्या लेखी ते माणसाच्या उंचीला आले. अशा सेन्सरसमोर उंच फर्निचर नको, आणि त्याची स्वतःची उंचीही कंपनीने सांगितलेलीच हवी. बहुतेकांना ती २.१ ते २.४ मीटर लागते.

‘संवेदनशीलता कमी करून द्या’ असे बरेच ग्राहक सांगतात. आम्ही शक्यतो टाळतो. कडक उन्हाळ्यात खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचते, तेव्हा फरकच उरत नाही आणि सेन्सर आधीच मंद झालेला असतो. त्यात आपण तो आणखी मंद केला, तर खरा चोर समोरून निघून जाईल. त्यापेक्षा सेन्सर एक-दोन फूट सरकवणे किंवा त्याचा कोन बदलणे बहुतेक वेळा पुरते.

दारे-खिडक्या

इथे साधा हिशोब आहे: चौकटीत एक छोटा स्विच, दारावर चुंबक. दोघांमधले अंतर वाढले की अलार्म. दमट हवेत लाकूड फुगते, बिजागरी झिजून दार खाली बसते, कडी सैल असेल तर वाऱ्याने दार थडथडते. बंद दार हाताने हलवून पाहा. ते हलले तर आधी कडी दुरुस्त करा, सेन्सरला हात लावायची गरज नाही. लोखंडी दारावर साधे चुंबक कमी पडते, त्यासाठी वेगळ्या प्रकारचे बसवावे लागते.

बॅटरी

पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचे आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षे, गरम जागेत त्याहून कमी. ती थकली की वीज जाता-येता पॅनेल गोंधळते आणि भलतेच झोन दाखवते. बिनतारी सेन्सरमधल्या बॅटऱ्या वेगळ्या. त्या बदलताना झाकण उघडताच सायरन वाजू शकतो, कारण छेडछाड ओळखणारा स्विच सिस्टिम बंद असतानाही जागा असतो. आधी पॅनेल सर्व्हिस मोडवर (दुरुस्तीसाठीच्या स्थितीत) टाका. दर मिनिटाला येणारी एखादी ‘टिक’ किंवा ‘चीं’ हा चोरीचा अलार्म नव्हे. बॅटरी संपत आल्याची ती सूचना आहे.

घरातली माणसे

हे लिहायला थोडे अवघड वाटते, पण बरेच खोटे अलार्म घरच्यांच्याच हातून होतात. बाहेर पडायला मिळालेल्या सेकंदांत चपला सापडत नाहीत, पाहुण्यांना कोड माहीत नसतो, रात्री सगळे घरात असताना ‘बाहेर गेलो’ हा मोड लावला जातो आणि पाणी प्यायला उठलेला माणूस पकडला जातो. सेकंद वाढवून मिळतात, कामाला येणाऱ्यांसाठी स्वतंत्र कोड देता येतो. दोन्ही मागून घ्या.

धुराचा अलार्म

याला वरचे नियम लावू नका. तो वाजला की आधी आग आहे असेच समजा आणि घर पाहा. वाफ, रंगकामाची धूळ किंवा आत शिरलेला किडा ही कारणे नंतर. स्वयंपाकघराजवळ असल्याने तो सतत वाजत असेल तर जागा बदलून घ्या. पिशवी बांधून तो झाकणे धोक्याचे आहे.

झोन बंद ठेवणे आणि चाचणी

एखादा झोन फारच त्रास देत असेल तर तो तात्पुरता बायपास करता येतो. तेवढा भाग तोवर उघडा आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा आणि त्याच दिवशी आम्हाला कळवा. कोणताही बदल केल्यावर, अगदी कपाट हलवले तरी, वॉक टेस्ट करा: पॅनेल चाचणीवर टाकून प्रत्येक खोलीत आडवे चाला, प्रत्येक दार उघडा, आणि कीपॅडवर तो झोन उमटतो का ते दुसऱ्याला बघायला सांगा. चालूनही जिथे काहीच उमटत नाही, तो झोन खोट्या अलार्मपेक्षा तातडीचा समजून फोन करा.