कॉन्व्हेंटची शाळा किलोभर तांदूळ का मागते

फेब्रुवारी-मार्च आला की मुंबईतल्या कॅथलिक शाळांच्या डायरीत एक ओळ हमखास उगवते: उद्या येताना एक किलो तांदूळ किंवा डाळ आणावी. गेल्या वर्षी आमच्या दुसरीतल्या कन्येची पिशवी शाळेच्या जिन्यातच फुटली. शाळेतल्या मावशींनी तांदूळ सुपलीत भरले, वरवर खडे काढले आणि पिशवी माझ्या हातात परत दिली. "घरी खिचडीला चालतील, दानाला नकोत," म्हणाल्या. माणूस जोशी असो, शेख असो की डिसोझा, दानाच्या खोक्यात काय पडावं याचे नियम मावशींनाच ठाऊक.

ही ओळ येते ख्रिस्ती उपवासकाळामुळे. राखेच्या बुधवारपासून (अ‍ॅश वेन्सडे) ईस्टरपर्यंतचे, रविवार सोडून, हे चाळीस दिवस. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तीन गोष्टी त्यात एकत्र येतात. आपल्या ताटातलं वाचवायचं आणि वाचलेलं दुसऱ्याच्या ताटात घालायचं. 1962 साली स्थापन झालेली 'कारितास इंडिया' याच काळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते. आपल्याकडे हे अगदीच परकं वाटायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'रयत'साठी बायाबापड्या रोज जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. फरक इतकाच की तिथे धान्य शाळेत शिकणाऱ्या गरीब पोरांच्या पोटात जायचं, इथे ते शाळेच्या फाटकाबाहेर जातं. हा फरक कसा पडला, तीच खरी पार्श्वभूमी.

मूळ बरंच जुनं आहे. 1498 मध्ये लिस्बनला 'मिझेरिकॉर्दिया' नावाचा दयाधर्माचा संघ निघाला आणि पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात, वसईतही आला. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची नि कैद्याची विचारपूस, मेलेल्याला माती अशी त्यांच्या कामांची यादीच ठरलेली होती. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथला पोर्तुगीज अंमल संपला, पण यादी टिकली. आजही धर्मशिक्षणाच्या तासाला ती पाठ करून घेतात.

इंग्रजी अमदानीत शाळा निघू लागल्या, त्यातल्या काही मुळात शाळा नव्हत्याच. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस घ्या. आज प्रवेशासाठी धडपड करावी लागते अशी ही शाळा, पण 1863 साली जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने ती 'नेटिव्ह' मुलांचं अनाथालय म्हणून सुरू केली. तेव्हा वांद्रे मुंबई शहरात नव्हतं, साष्टीतलं गाव होतं. तिथल्या कुणा मुलाला 'सामाजिक प्रकल्प' करा म्हणून सांगितलं असतं, तर त्याला ते कळलंच नसतं. तो स्वतःच प्रकल्प होता.

मग शाळा नावारूपाला आल्या. इंग्रजी ही नोकरीची भाषा झाली, मध्यमवर्ग कॉन्व्हेंटकडे वळला. 1954 मध्ये मुंबई सरकारने इंग्रजी माध्यम अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या मुलांपुरतंच ठेवायचा हुकूम काढून पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी मोडीत काढला आणि ओघ सुरूच राहिला. आत फी भरणारी मुलं वाढली तशी सेवा फाटकाबाहेर गेली.

बाहेरच्या सेवेची पद्धत तयारच होती. 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह काढलेली विन्सेंट द पॉल सोसायटी मुंबईच्या चर्चांमधून आजही काम करते. तिचा दंडक मला फार आवडतो: मदत पाठवायची नाही, घेऊन जायची. गरिबाच्या घरी जाऊन त्याच्या खाटेशेजारी बसायचं. मुंबईत धर्माच्या बाहेरही हेच घडत होतं. ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा नि वाचनालयं चालवली.

शाळकरी मुलांपर्यंत हे आलं ते 1960च्या दशकात, आणि एकदम दोन दारांनी. एक दार रोमचं. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, 1962 ते 1965 चालली आणि गरिबाकडे पाहण्याची चर्चची नजर दयेकडून न्यायाकडे सरकली. मधेच, डिसेंबर 1964 मध्ये, पोप सहावे पॉल युखरिस्त परिषदेसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी, मुंबईत आले. जाताना आपली मोटार त्यांनी मदर तेरेसांना दिली. मदरनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या कामाला लावला. 1973 मध्ये जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना सुनावलं की आमच्या शाळांनी इतरांसाठी जगणारी माणसं घडवायला हवीत. साठच्या दशकातली मुंबईतली खूण म्हणजे 1962 मध्ये फादर रिकार्डो फ्रान्सिस्को यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू केलेलं स्नेहसदन.

दुसरं दार दिल्लीचं. कोठारी आयोगाने (1964–66) शालेय शिक्षणात कार्यानुभव आणि समाजसेवा असावी म्हटलं. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे जडजूड नाव दिलं. त्यामागे गांधीजींची 1937ची नई तालीम होती. प्रगतिपुस्तकात 'कार्यानुभव'चा रकाना आला आणि रकान्याला लागते श्रेणी. वृद्धाश्रमात गायलेलं गाणं, भायखळ्याच्या आशादान या निराधारांच्या घराला दिलेले कपडे, राख्या, पणत्या सगळंच त्या रकान्यात बसू लागलं. माझ्या मते घसरण तिथे सुरू झाली. खाटेशेजारी बसण्याला श्रेणी देता येत नाही, खोक्याला देता येते.

2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आलं आणि 2018 मध्ये राज्याची प्लास्टिकबंदी. तेव्हापासून कापडी पिशव्या आणि रोपं. यावर फार बोलण्यासारखं काही नाही. पालकांच्या ग्रुपवर फोटो छान येतात.

फाटकाचा मुद्दा मात्र 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने पुन्हा उकरला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिलीला पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना द्यायच्या. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं, 2014 मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना. संस्थेचं स्वरूप राखण्याचा हक्क घटनेनेच दिलेला आहे, तो युक्तिवाद पोकळ नाही. काही शाळा आपणहून गरीब मुलं घेतात, फी माफ करतात. पण अनाथालय म्हणून जन्मलेल्या शाळेला गरिबाचं मूल आत घेण्याची सक्ती नको असावी, हे मला चमत्कारिक वाटतं.

आमच्या मावशींची नात पलीकडच्या गल्लीतल्या पालिकेच्या शाळेत जाते. यंदा कन्येच्या डायरीत ओळ आली तेव्हा मी तांदूळ आदल्या रात्री ताटात पसरून निवडले आणि एकात एक अशा दोन पिशव्यांत घालून पाठवले.