एन्झाइमला बांधून घालायचं कसं?

२०२४ साली आंध्रात काकिनाडाला पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला, तेव्हा बातम्यांत दोनच मुद्दे होते: चीनवरचं अवलंबित्व आणि सरकारची प्रोत्साहन योजना. पिंपरीतल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या भोंग्यावर ज्यांच्या घरचं घड्याळ लागायचं, त्यांना ती बातमी वाचून थोडं वाईटही वाटलं असेल. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला हा कारखाना म्हणजे देशातल्या पेनिसिलिनचं माहेरघर. पण मला त्या बातम्यांत तिसरीच गोष्ट सापडेना. पेनिसिलिन-जी तयार झालं, पुढे काय? आपल्याला डॉक्टर लिहून देतात ते बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन. या दोघांच्या मधे एक टप्पा आहे आणि सगळी गंमत त्या टप्प्यात आहे.

पेनिसिलिन-जीच्या रेणूत दोन अमाइड बंध, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांना जोडणारे दुवे असतात. एक बंध चार अणूंच्या चौकोनी कड्यात अडकलेला. याला बीटा-लॅक्टम कडं म्हणतात आणि जिवाणूंचा काटा काढतं ते हेच. चौकोनात कोंबल्यामुळे हा बंध ताणलेला असतो, जरा आम्ल-अल्कली जास्त झालं की तुटतो. दुसरा बंध बाहेरची शेपटी धरून ठेवतो. तो साधा, धट्टाकट्टा. अमॉक्सिसिलिनसाठी जुनी शेपटी काढून दुसरी लावायची असते. म्हणजे मजबूत बंध तोडायचा आणि शेजारच्या नाजूक बंधाला धक्काही लावायचा नाही. शेपटी काढल्यावर जे उरतं त्याला कारखान्यात ६-एपीए म्हणतात. अर्धसंश्लेषित पेनिसिलिनांचा मोठा भाग त्याच्यापासून बनतो.

रसायनशास्त्रज्ञांनी हे जमवलं होतं, पण कसं? डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात, पाण्याचा थेंब येऊ न देता, फॉस्फरस पेंटाक्लोराइड घालून, उणे ४० अंशांच्या आसपास. हेच काम ई. कोलाय जिवाणूतलं पेनिसिलिन ॲसायलेज हे एन्झाइम साध्या पाण्यात, अंगाला कोमट लागेल अशा तापमानाला, ८ च्या आसपासच्या पीएचला करतं. कड्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

मग अडचण कुठे आली? एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. ते पाण्यात विरघळलं की काम संपल्यावर बाहेर काढणं जवळपास अशक्य, आणि महागामोलाचं एन्झाइम एका घाण्यात वाया जातं. शिवाय औषधात परक्या प्रथिनाचे अंश राहिले तर ॲलर्जीचं भय. म्हणून एन्झाइमला कशाला तरी बांधायचं, म्हणजे द्रव निथळून घेता येतो आणि एन्झाइम टाकीत राहतं, पुढच्या घाण्यासाठी.

कल्पना जुनी आहे. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन या दोघांनी दाखवलं, की साखर फोडणारं इन्व्हर्टेज कोळशाच्या भुकटीला चिकटवलं तरी काम करत राहतं. त्यानंतर कित्येक वर्षं कुणी त्याचं फारसं काही केलं नाही. १९६९ साली जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटानं ॲमिनोआम्लं वेगळी करायला बांधलेलं एन्झाइम कारखान्यात वापरलं; उद्योगातला हा पहिला वापर मानतात. साठच्या दशकात या विषयाचा पाया घालणाऱ्यांत इस्रायलचे एफ्राइम कात्झिर होते. पुढे ते त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रथिनांवर काम करणारा माणूस राष्ट्राध्यक्ष! आपल्याकडे अजून योग यायचाय.

बांधायच्या तऱ्हा बऱ्याच. कोळशासारखं नुसतं चिकटवणं सोपं, पण क्षाराचं प्रमाण बदललं की एन्झाइम सुटून येतं. दुसरी तऱ्हा कोंडून ठेवण्याची. ती घरी करून बघता येते. सोडियम अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारी पूड, पाण्यात दोन टक्के प्रमाणात रात्रभर भिजवा. त्यात पावाचं यीस्ट कालवा आणि बिनसुईच्या सिरिंजनं कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडा. थेंब पाण्यात पडताक्षणी त्याला कातडी धरते आणि पंधरावीस मिनिटांत साबुदाण्याएवढा घट्ट मणी होतो. मणी धुऊन पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकले की आधी तळाशी जातात. मग यीस्टमधलं कॅटालेज ऑक्सिजन सोडू लागतं, मण्याच्या अंगावर बुडबुडे साचतात आणि मणी एकेक करून वर येतात. मात्र पाण्यात फॉस्फेट असेल तर तो कॅल्शियम पळवतो आणि मणी विरघळतात. आणखी एक मेख आहे: अल्जिनेटच्या जाळीत यीस्टची पेशी अडकते, सुटं एन्झाइम अडकत नाही. जाळीची भोकं त्याच्यासाठी फार मोठी. पेशीऐवजी शुद्ध एन्झाइम कोंडाल, तर ते काही तासांत बाहेर पाझरू लागतं.

एन्झाइमचा विषय निघालाच आहे, तर गच्चीवरच्या बागवाल्यांच्या ‘बायोएन्झाइम’बद्दल बोलून घेतो. एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने झाकून. ओला कचरा जिरतो, फरशी निघते, करा जरूर. पण तयार होतं ते मुख्यतः ॲसेटिक आम्लासारखी आम्लं आणि थोडं अल्कोहोल. फरशीवरचे क्षाराचे डाग त्या आम्लानं निघतात. इतक्या आंबट पाण्यात बहुतेक एन्झाइमं फार काळ तग धरत नाहीत. आणि ते नदीत ओतून नदी शुद्ध करण्याचे जे कार्यक्रम होतात, त्यांबद्दल काय बोलावं? त्यात जिवंत एन्झाइम आहे असं घटकाभर धरलं, तरी न बांधलेलं एन्झाइम वाहत्या पाण्यात ओतणं म्हणजे ते पुढच्या गावाला पाठवणं. नदीत आणखी सेंद्रिय माल पडला, एवढंच पदरात.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. पेनिसिलिन ॲसायलेज बांधायच्या पद्धती अनेक आहेत आणि कारखान्यांत बहुतेक वेळा इपॉक्सी गट असलेल्या कृत्रिम रेझिनचे मणी चालतात. पण सगळ्यांत देखणी युक्ती माद्रिदच्या होसे मान्युएल गिसान यांच्या गटाची, ग्लायॉक्सिल ॲगारोजची.

ॲगारोजही शेवाळातूनच येतो. त्याचे बारीक मणी घेऊन त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर दाटीवाटीनं अल्डिहाइड गट उगवायचे. एन्झाइमच्या पृष्ठभागावर लायसिन नावाच्या ॲमिनोआम्लाची टोकं असतात, त्यांच्या शेवटी अमीन गट. अमीन आणि अल्डिहाइड भेटले की पाणी निघून जातं आणि इमीन नावाचा बंध जुळतो. इतकं सोपं असेल तर एन्झाइम मण्यांवर ओतलं की झालं, असं वाटेल. करून बघा, पीएच ७ ला जवळपास काहीच चिकटत नाही.

का? लायसिनचा अमीन साध्या पाण्यात हायड्रोजन आयन पकडून बसलेला असतो आणि तसा बसलेला अमीन अल्डिहाइडशी जुळत नाही. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे अमीन हायड्रोजन आयन सोडून मोकळे होतात तो आकडा, साडेदहाच्या आसपास आहे. हिशेब केला तर पीएच ७ ला तीन हजार लायसिनांतला जेमतेम एक मोकळा. पीएच १० ला मात्र चारांतला एक. प्रथिन म्हणजे ॲमिनोआम्लांची साखळी; पीएच ७ ला बऱ्यापैकी मोकळा असतो तो फक्त या साखळीच्या सुरुवातीचा अमीन. या एन्झाइमला दोन साखळ्या आहेत, पण त्यातल्या मोठ्या साखळीची सुरुवात सेरीन नावाच्या ॲमिनोआम्लानं होते आणि तो सेरीन आत, कामाच्या खोबणीत बसलेला. शेपटी तोडतो तो तोच. म्हणजे बाहेर बांधायला एकच टोक उरलं. त्यात इमीनचा बंध परत सुटणारा. जुळला, सुटला, एन्झाइम निघून गेलं.

म्हणून पीएच १० ला न्यायचं. आता पुष्कळ लायसिनं मोकळी आहेत, पण एकेकटा बंध तरीही सुटणाराच आहे. एन्झाइम मण्यावर टिकायचं असेल तर दोनतीन बंध एकाच वेळी जुळले पाहिजेत. एक सुटेपर्यंत दुसऱ्यानं धरून ठेवलं पाहिजे. आणि ते कुठे जमेल? एन्झाइमच्या अंगावर जिथे लायसिनं सर्वांत दाट आहेत, त्याच बाजूनं. एन्झाइम आपण होऊन, कुणी न सांगता, आपली सर्वांत लायसिनबहुल कूस मण्याकडे वळवतं! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

एवढ्यावर थांबायचं नाही. मण्यांना आणखी काही तास त्याच पीएचला ठेवायचं. प्रथिन कधीच दगडासारखं निश्चल नसतं, त्याचे भाग थोडे हलत असतात. हलता हलता आणखी एखादं लायसिन एखाद्या अल्डिहाइडजवळ येतं आणि जुळतं. पावसाळ्यात पत्र्याला एकच खिळा असेल तर पत्रा फडफडतो आणि उडून जातो, सहा ठिकाणी ठोकला तर वादळातही बसून राहतो. तसंच इथे होतं. तापमान वाढलं की मोकळ्या एन्झाइमची घडी उलगडते, त्याच्या दोन साखळ्या एकमेकींपासून सुटू शकतात आणि ते मरतं. अनेक ठिकाणी बांधलेल्याला उलगडायला वावच राहत नाही. म्हणजे बांधलं होतं परत वापरता यावं म्हणून, आणि पदरात पडला टिकाऊपणाही. असे बांधलेले मणी शेकडो घाण्यांना पुरतात.

एक धोका राहतोच. पीएच १० हे खुद्द या एन्झाइमला मानवत नाही, तास दोन तासांत ते कोलमडू लागतं. त्यावर तोडगाही घरचाच: शेपटी तुटल्यावर जे फिनाइल ॲसेटिक आम्ल सुटतं, तेच बांधताना द्रावणात घालायचं. ते खोबणीत जाऊन बसतं आणि बांधकाम होईपर्यंत आतली रचना सांभाळतं. शेवटी सोडियम बोरोहायड्राइड. त्यानं इमीन बंधाचं क्षपण होऊन, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडला जाऊन, तो कायमचा होतो आणि रिकामे राहिलेले अल्डिहाइडही निरुपद्रवी अल्कोहोल होऊन गप्प बसतात. एकाच अभिक्रियाकारकात दोन्ही कामं.

मण्याच्या आत मात्र नवी भानगड सुरू होते. पेनिसिलिन बाहेरून आत झिरपतं, वाटेतच तुटतं, आणि सुटलेल्या फिनाइल ॲसेटिक आम्लामुळे मण्याच्या गाभ्यातला पीएच घसरतो. टाकीतला मापक ८ दाखवतो, गाभ्यात त्याहून कमी. एन्झाइम तिथे मंदावतं. बाहेर अल्कली जास्त घालावी, तर घालतो तिथे पीएच चढून ते नाजूक चौकोनी कडं फुटतं. मणी बारीक केले तर आतलं अंतर कमी होतं, पण मग गाळणी तुंबते. हा तोल कारखान्यात रोज सांभाळायचा असतो.

हीच विद्या इतरत्रही आहे. मक्याच्या ग्लुकोजचं फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करणारं बांधलेलं ग्लुकोज आयसोमरेज हा जगातल्या सर्वांत मोठ्या वापरांपैकी एक. शीतपेयांतलं मक्याचं सिरप त्यातून येतं. मधुमेही लोक दंडावर चिकटवतात त्या पंधरवडाभर चालणाऱ्या साखर-सेन्सरच्या बारीक तारेवरही ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम बांधून बसवलेलं असतं. बांधलं नसतं तर ते कातडीखालच्या द्रवात विरून गेलं असतं.

कायमच्या बंधाची किंमत शेवटी मोजावी लागतेच. शेकडो घाण्यांनंतर एन्झाइम थकतं, आणि ते मण्यापासून वेगळं करता येत नसल्यामुळे महागडा मणीही त्याच्याबरोबर टाकावा लागतो. तानाबेच्या कारखान्यात मणी भरलेल्या उभ्या नळकांड्यात एन्झाइम फक्त विद्युतभारानं चिकटलेलं होतं. ते थकलं की त्याच मण्यांवर ताजं एन्झाइम सोडायचं आणि नळकांडं पुन्हा चालू. म्हणून एन्झाइम स्वस्त आणि आधार महाग असेल तिथे आजही सैल बंधच परवडतो. पेनिसिलिनवाल्यांनी घट्ट बंध निवडला, कारण औषधात एन्झाइमचा एक कणही पाझरून चालणार नव्हता.