कारखान्यात ओतलेल्या भिंतींचं घर कच्चं असतं का?

प्रीकास्ट, म्हणजे भिंती आणि स्लॅब कारखान्यात ओतून जागेवर जोडलेलं घर म्हणजे पत्त्यांचा बंगला, असं अजूनही ऐकू येतं. पुरावा म्हणून लंडनच्या रोनन पॉइंटचं नाव पुढे केलं जातं. 16 मे 1968 रोजी या 22 मजली इमारतीत 18व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक अख्खा कोपरा कोसळला. चौघे गेले.

पण हरलं काय? काँक्रीट नव्हे, सांधे. भिंती एकमेकींत नीट गुंतवलेल्याच नव्हत्या. एक बाहेर फेकली गेली आणि वरचा भार पेलायला दुसरी वाट उरली नाही. पुढे इमारत उतरवताना काही सांध्यांत मसाल्याऐवजी चक्क वर्तमानपत्रं कोंबलेली सापडली! हा दोष तंत्राच्या माथी कसा मारायचा? ब्रिटनने 1970 मध्ये नियम बदलले: एक आधार गेला तरी बाकीची इमारत उभी राहिली पाहिजे.

कारखान्यात पाणी-सिमेंटचं प्रमाण आणि क्युरिंग (काँक्रीट ओलसर ठेवून घट्ट होऊ देणं) सांभाळणं उलट सोपं जातं. तेव्हा भिंतीवर टकटक करून काही कळत नाही. सांध्यातल्या सळया कशा जोडल्या, ग्राउट (सांध्यात ओतायचा सिमेंटचा पातळ मसाला) भरताना कोणी तपासलं, हे बांधणाऱ्याला विचारा.