स्टीलवर जंतू राहत नाहीत? चुकीचं आहे हे

हॉस्पिटलात सगळीकडे स्टील का, तर म्हणे स्टीलवर जंतू टिकत नाहीत, हे कित्येक वर्षं ऐकतोय आपण. साफ चुकीचं आहे. स्टील गंजत नाही, पुसायला सोपं, एवढंच, स्वतःहून ते जंतूंना काहीच करत नाही, एमआरएसएसारखा औषधांना न जुमानणारा बॅक्टेरिया कोरड्या स्टीलवर कित्येक दिवस जिवंत राहतो. तांबं, पितळ मात्र खरंच मारतात, तांब्याचे आयन जंतूचं बाहेरचं आवरण फाडतात. 1983 मध्येच अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात दाराच्या मुठी तपासल्या होत्या, पितळेच्या मुठींवर स्टीलपेक्षा खूपच कमी जंतू निघाले.

पण म्हणून "तांबं लावा, पुसायची गरज नाही" असले मेसेज पण फॉरवर्ड करू नका प्लीज! 2008 मध्ये अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, तांब्याच्या मिश्रधातूंना मान्यता दिली ती दोन तासांत 99.9 टक्के बॅक्टेरिया मरतात या दाव्यावर, आणि दोन तासांत बेडच्या कठड्याला किती हात लागतात बघा. वर मळाचा थर बसला तर तांबं जंतूपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे पुसणं, हात धुणं चालूच ठेवायचं, कठडे, मुठी, सलाईनचा स्टँड तांब्याचे असले तर दोनदा पुसण्याच्या मधल्या वेळात जंतू कमी राहतात, खरा फायदा तिथे आहे.