इम्प्लांटला महिने का लागतात? एका उपचाराची पार्श्वभूमी

दाढ काढून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ब्रिज करायचा, काढता-घालता येणारी कवळी घ्यायची, की इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात? इम्प्लांट म्हटलं की एक डॉक्टर सांगतात, स्क्रू बसवल्यावर तीन-चार महिने थांबू, मग कॅप. बाजारपेठेतल्या दुसऱ्या दवाखान्याच्या पाटीवर मात्र 'तीन दिवसांत फिक्स दात' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. घरात मग चर्चा होते ती पैशांची. माझ्या मते ती आधी वेळेची व्हायला हवी. हा उपचार यशस्वी झाला तोच मुळी थांबायला शिकल्यामुळे, आणि त्याआधीची दीडशे वर्षं बहुतांशी अपयशाची आहेत.

पडलेल्या दाताच्या जागी दुसरं काहीतरी रोवायची इच्छा फार जुनी. होंडुरासच्या उलुआ खोऱ्यात १९३१ मध्ये खालच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. तो इ.स. ६०० च्या आसपासचा, माया संस्कृतीच्या काळातला मानला जातो. त्यात समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासून आकार दिलेले तुकडे बसवलेले होते. बरीच वर्षं असाच समज होता की हे मेल्यानंतर बसवले असावेत. १९७० मध्ये एक्स-रे काढले, तेव्हा शिंपल्याभोवती हाड भरून आलेलं दिसलं. म्हणजे ते जिवंतपणीच बसवले होते आणि हाडाने ते धरले होते.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर या नामवंत शल्यविशारदाने एका माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या तोंडात बसवायच्या पद्धतीचा पुरस्कार केला. गरिबांचे दात पैसे देऊन श्रीमंतांसाठी काढले जात. ते फार काळ टिकत नसत, वर सिफिलिससारखे रोग पसरल्याच्या तक्रारी आल्या आणि ही पद्धत मागे पडली. मग धातू आले. १८०९ मध्ये माज्जोलो यांनी सोन्याचं मूळ बसवून पाहिलं. १९१३ मध्ये अमेरिकेत ग्रीनफिल्ड यांनी इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेचा पोकळ पिंजरा हाडात घातला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या स्ट्रॉक बंधूंनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. पुढे हिरडीखाली हाडावर टेकणाऱ्या धातूच्या चौकटी आल्या, १९६० च्या दशकात पात्यासारखे चपटे इम्प्लांट आले. यांतले काही अनेक वर्षं टिकले, हेही खरं. पण कुणाचा टिकेल आणि कुणाचा नाही, हे बसवणाऱ्यालाही सांगता येत नसे.

अपयशाचं कारण बहुतेक वेळा एकच होतं. धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ, तंतुमय ऊतींचा थर तयार व्हायचा. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यामुळे हा थर चांगलाच, असं त्या काळी पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात त्या थरातून इम्प्लांट हलायला लागायचा, जंतुसंसर्ग आत उतरायचा आणि शेवटी इम्प्लांट काढताना भोवतालचं हाडही जायचं. रुग्णाचा दात आधीच गेलेला असायचा. आता कवळीला आधार देणारं हाडही उरत नसे.

ही कोंडी फोडणारा माणूस दंतवैद्य नव्हता. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. हाड बरं कसं होतं, हे त्यांना जिवंत प्राण्यात पाहायचं होतं. त्यासाठी टायटॅनियमच्या चौकटीतली एक छोटी भिंग-नळी त्यांनी हाडात बसवली. अभ्यास संपल्यावर ती महागडी नळी काढून पुन्हा वापरायची होती, पण ती निघेना. हाड थेट धातूला चिकटून वाढलं होतं, मधे कसलाही मऊ थर नव्हता. टायटॅनियम हाडाशी जुळतं, असं १९४० मध्ये मांजरांवरच्या एका प्रयोगातही दिसलं होतं, पण त्याचा पाठपुरावा कुणी केला नव्हता. ब्रोनेमार्क यांनी तो केला आणि माणसापर्यंत पोहोचायला जवळपास तेरा वर्षं घेतली. पहिल्या शोधापेक्षा मला ही तेरा वर्षं मोलाची वाटतात.

१९६५ मध्ये स्वीडनमधल्याच गॉथेनबर्गला गोस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले गेले. वय चौतिशीचं, जन्मतः टाळू दुभंगलेला, जबड्याची ठेवण बिघडलेली, खालचे दात नाहीत. खाणं आणि बोलणं दोन्ही कठीण. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षांहून जास्त काळ ते इम्प्लांट कामात होते.

ब्रोनेमार्क यांनी धातू बदलला, तशीच शस्त्रक्रियेची रीतही बदलली. आज खुर्चीत बसल्यावर जे दिसतं, त्यातलं बरंचसं तिथूनच आलंय. हाडाला भोक पाडताना ड्रिल मंद गतीने चालवतात. डॉक्टर एकदम मोठं भोक पाडत नाहीत, आधी बारीक, मग त्याहून थोडं जाड, असे एकामागून एक ड्रिल वापरतात आणि मदतनीस सतत सलाइनचा थंड फवारा मारत असतो. हाड तापलं की मरतं, म्हणून हे सगळं. गॉथेनबर्गच्याच एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवर दाखवलं की ४७ अंश सेल्सियस तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते. उकळत्या पाण्याच्या निम्म्याहून कमी तापमान आहे हे. मेलेल्या हाडाभोवती पुन्हा तोच मऊ थर येतो आणि इम्प्लांट सुटतो.

दुसरा नियम थांबण्याचा. मूळ पद्धतीत स्क्रू बसवून वरून हिरडी शिवून टाकायचे. खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या, तुलनेने पोकळ हाडाच्या जबड्यात सहा महिने त्यावर कसलाही भार द्यायचा नाही. मग हिरडी उघडून जोडणीचा भाग बसवायचा आणि त्यावर दात.

'पहिल्या दिवशीच स्क्रू घट्ट बसला होता, मग थांबायचं कशाला?' हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. पहिल्या दिवसाची पकड ही लाकडात फिरवलेल्या स्क्रूसारखी, निव्वळ दाबाची असते. पुढच्या काही आठवड्यांत शरीर त्या दाबलेल्या हाडाचा थोडा भाग विरघळवतं आणि त्या जागी नवं हाड घालतं. जुनी पकड ढिली होतेय आणि नवी अजून पुरती आलेली नाही, असा एक काळ मधे येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास. इम्प्लांट सर्वांत नाजूक असतो तो तेव्हा. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस त्याच बाजूने चकली चावायला लागतो. मिलिमीटरच्या एक-दीड दशांशाएवढी हालचाल वारंवार झाली तरी हाडाऐवजी मऊ थर धरतो, असं मानलं जातं.

दंतवैद्यकाच्या जगाने हे सहजी मानलं नाही. आधीचे इम्प्लांट इतक्यांचे फसले होते की सावध राहण्यात चूकही नव्हती. १९७७ मध्ये ब्रोनेमार्क यांच्या गटाने दहा वर्षांच्या अनुभवाचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत 'पाच वर्षांनी शंभरातले पंचाहत्तर इम्प्लांट कामात असावेत' एवढाच निकष धरला गेला. त्या काळची अपेक्षा किती खाली होती, हे यावरून कळतं. टोरांटोच्या जॉर्ज झार्ब यांनी स्वीडनबाहेर तेच प्रयोग स्वतंत्रपणे करून पाहिले, तसेच निष्कर्ष मिळाले, आणि १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेतली दारं उघडली. १९८६ मध्ये निकष कडक झाले: इम्प्लांट जराही हलू नये, दुखू नये, एक्स-रेमध्ये भोवती काळी रेघ दिसू नये, पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरच्या आत असावी, आणि पाच वर्षांनी ८५ टक्के तर दहा वर्षांनी ८० टक्के यश ही किमान पातळी. यातलं 'हलू नये' रुग्णाने पक्कं लक्षात ठेवावं. वरची कॅप किंवा तिचा स्क्रू ढिला झाला तर तो घट्ट करता येतो. हाडातला इम्प्लांट हलायला लागला तर तो बहुधा गेलेला असतो. दोन्हींत लगेच दाखवावं लागतं.

त्यानंतर वेळ खरोखरच कमी झाला आहे. १९९० च्या दशकात इम्प्लांटचा गुळगुळीत पृष्ठभाग जाऊन आम्ल आणि वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेला पृष्ठभाग आला. त्यावर हाड लवकर धरतं. चांगल्या हाडात आता सहा ते आठ आठवड्यांतही कॅप बसवतात. काही निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दात देतात, पण तेव्हा पहिली पकड पुरेशी आहे हे मोजून पाहिलेलं असतं आणि तो दात विरुद्ध जबड्यातल्या दाताला टेकणार नाही, अशी काळजी घेतलेली असते. सगळे दात गेलेल्यांसाठी चार इम्प्लांट एकमेकांना कडक पट्टीने जोडून लगेच दात देण्याची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रुजवली. पाटीवरच्या 'तीन दिवसां'मागे बहुधा आणखी वेगळा प्रकार असतो: खोलवरच्या टणक हाडात रोवलेले आणि एकत्र बांधलेले लांब स्क्रू. ते काही जणांना उपयोगी पडतात. पण त्यामागचा दीर्घकाळाचा अभ्यास नेहमीच्या इम्प्लांटइतका भक्कम नाही, आणि एक बिघडला तर सगळी पट्टी हलवावी लागू शकते. म्हणून 'लवकर होईल' असं ऐकल्यावर 'माझ्या हाडात ते का चालेल?' हे विचारावं. स्कॅन समोर ठेवून उत्तर देणारे डॉक्टर भेटले तर उत्तम.

स्कॅन म्हणजे सीबीसीटी, जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा. साध्या सपाट एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते. दात काढून पाच-दहा वर्षं जागा मोकळी ठेवली असेल तर तिथलं हाड झिजून बारीक झालेलं असतं. २००३ मधल्या एका अभ्यासात, दात काढल्यावर वर्षभरात हाडाची रुंदी सरासरी निम्मी झाल्याचं दिसलं, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती. बोन ग्राफ्ट (हाडाची भर घालणं) आणि सायनस लिफ्ट (सायनसचा तळ उचलून हाडाला जागा करणं) यांचा खर्च बिलात येतो तो बहुतेकदा यातून. इम्प्लांट आज करायचा नसला तरी दात काढायच्या आधीच त्याबद्दल बोलून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. आणि त्याहीआधीचा प्रश्न: हा दात रूट कॅनाल करून वाचतोय का? वाचत असेल तर वाचवावा. स्वतःच्या मुळाभोवतीचा तो पडदा, त्यातून कळणारा चावण्याचा दाब, हे इम्प्लांटला कधीच येत नाही.

आपल्याकडे विशेष काळजीची गोष्ट म्हणजे तंबाखू. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू-चुना आणि मिश्री घराघरांत आहे, आणि मिश्री लावणाऱ्या बायका 'मी तंबाखू खात नाही' असं मनापासून सांगतात. डॉक्टरांना मिश्री स्पष्टपणे सांगा. धूम्रपानाने इम्प्लांट फसण्याचं प्रमाण वाढतं, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय, आणि हिरडीशी धरून ठेवलेली तंबाखू त्याच जागी जखम करत असते. मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होतच नाही, असं नाही. साखर आटोक्यात हवी, म्हणून एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट मागतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते आवर्जून सांगावं. अशा औषधांनंतर जबड्याचं हाड मरण्याचे प्रकार २००३ पासून नोंदले गेले आहेत. आईला वर्षातून एकदा दिलेलं इंजेक्शन मुलांच्या लक्षातही नसतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा समोरचा दात अपघातात गेला असेल तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं. इम्प्लांट हाडात रुतून एका जागी राहतो, शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात आणि काही वर्षांनी तो दात आखूड दिसायला लागतो.

टायटॅनियमला कीड लागत नाही, त्यावरून 'आता आयुष्यभर बघायला नको' असा समज होतो. भोवतालची हिरडी आणि हाड मात्र आपलंच असतं. तिथे घाण साचली की सूज येते, ती हाडापर्यंत गेली की हाड झिजतं, आणि बऱ्याचदा दुखत नसल्याने कळतही नाही. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले, त्यांना हा धोका जास्त. फटीत फिरणारा छोटा ब्रश रोज, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. ब्रश करताना रक्त येणं हे पहिलं लक्षण.

करणाऱ्याबद्दलही थोडं. भारतात इम्प्लांट ही एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीची, वेगळी शाखा नाही. प्रॉस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दातांचे तज्ज्ञ), हिरड्यांचे तज्ज्ञ, ओरल सर्जन आणि प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही ते करतात. त्यामुळे पदवीबरोबर 'स्क्रू कोण बसवणार, कॅप कोण करणार आणि नंतर त्रास झाला तर कुणाकडे यायचं?' हे विचारावं. बाहेरचे सर्जन महिन्यातून एकदा येत असतील तर त्यांचं नाव आपल्याकडे लिहिलेलं असावं. सांगितलेल्या आकड्यात स्क्रू, जोडणीचा भाग, कॅप, स्कॅन आणि ग्राफ्ट यांतलं काय धरलंय, ते कागदावर घ्यावं. खासगीतला खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबई महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात चौकशी करावी.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे आणि तेच बहुतेक जण विसरतात. इम्प्लांटच्या डबीवर एक छोटं स्टिकर असतं: कंपनी, प्रकार, ४.० × १० असा व्यास आणि लांबीचा आकडा, खाली लॉट नंबर. ते स्टिकर आपल्या फाइलमध्ये चिकटवून मागावं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जोडणीचे स्क्रू आणि ते फिरवायची पाती कंपनीगणिक वेगळी असतात. पंधरा वर्षांनी दवाखाना बंद झालेला असेल, तुम्ही पुण्याहून नाशिकला गेला असाल आणि कॅप ढिली झाली, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी लागणार आहे ते हेच.