शिवाजी पार्कचे नाव १९६६ चे नव्हे

दादरच्या शिवाजी पार्कला हे नाव शिवसेनेमुळे, म्हणजे १९६६ नंतर मिळाले, असे अनेकजण आजही ठामपणे सांगतात. हा समज चुकीचा असून त्यामुळे या वस्तीचा जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास पुसला जातो, म्हणून हा खुलासा.

मुंबई महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुल्या केलेल्या या मैदानाचे मूळ नाव माहीम पार्क असे होते. स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ साली त्याचे नाव बदलून शिवाजी पार्क ठेवण्यात आले. शिवजन्माचे वर्ष आज आपण १६३० मानतो, परंतु त्या काळी ते १६२७ धरले जात असे आणि म्हणूनच १९२७ हे शिवजन्माच्या त्रिशताब्दीचे वर्ष ठरले; नामकरणामागचे कारण इतके स्पष्ट आहे.

शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी याच मैदानावर झाला आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळाही त्याच दशकातला, त्यामुळे गल्लत होणे समजण्यासारखे आहे. मात्र तोवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथे गाजून गेल्या होत्या. मैदानाभोवतीच्या बुटक्या कट्ट्यावर संध्याकाळी फेरी संपवून टेकणारी आजी-आजोबांची आणि किट खांद्यावर घेऊन नेटकडे निघालेल्या मुलांची जी वर्दळ असते, ती या नावाइतकीच या वस्तीची खरी ओळख आहे, असे मला वाटते. २०२० साली महापालिकेने नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे विस्तारले, तेही १९२७ च्याच निर्णयावर उभे राहून.