तळहात कोरडे, पाठ ओलीचिंब

तळहातांना सतत घाम सुटणाऱ्यांसाठी एक शस्त्रक्रिया असते. ती झाली, हात कोरडे पडले, की घामाची कटकट मिटली आणि आता उन्हात खुशाल पळावं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात घाम फक्त जागा बदलतो, आणि उन्हात व्यायाम करायचा तर ही अदलाबदल समजून घेतलेली बरी.

कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या मुळाशी, अनुकंपी चेतासंस्थेची, म्हणजे घाम, नाडी अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसांची, साखळी असते. काखेजवळ छोटी छिद्रं पाडून, कॅमेऱ्यातून बघत, दुसऱ्या ते चौथ्या बरगडीच्या आसपास ही साखळी तोडतात किंवा तिला क्लिप लावतात. हाताच्या घामग्रंथींना जाणारा हुकूम तिथेच अडतो. पण चेहरा, मान, दंड आणि छातीचा वरचा भाग यांचे तंतूही याच वाटेने जातात. त्यामुळे साखळी कुठे तोडली त्यानुसार तिथलाही घाम कमी होतो. उलट पाठ, पोट आणि मांड्या आधीपेक्षा जास्त पाझरू लागतात. डॉक्टर याला भरपाईचा घाम म्हणतात.

आता माझ्या आवडीचा भाग. घाम आला म्हणून आपण थंड होत नाही, तो उडून गेला की होतो. त्वचेवरच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती त्वचेतूनच घेतली जाते. शाळेत शिकलेली अप्रकट उष्मा ती हीच. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. 70 किलोचा माणूस बऱ्या वेगाने पळताना साधारण 600 वॉट उष्णता तयार करतो. ती सगळी घामाने घालवायची तर तासाला जवळजवळ 900 ग्रॅम घाम उडून जायला हवा. काहीच उष्णता बाहेर पडली नाही, तर दर सात मिनिटांना शरीराचं तापमान 1 अंशाने वाढेल. 37 वरून 40 च्या वर, म्हणजे उष्माघाताच्या टप्प्यात जायला अर्धा तासही नको!

घाम उडण्याचा वेग ठरतो बाष्पदाबातल्या फरकावर. 35 अंशांच्या ओल्या त्वचेलगत बाष्पदाब सुमारे 5.6 किलोपास्कल असतो. हवाही 35 अंशांची, पण आर्द्रता 30 टक्के असेल, तर हवेतला बाष्पदाब 1.7, फरक 3.9. आर्द्रता 80 टक्के झाली की हवेतला दाब 4.5 वर जातो आणि फरक उरतो 1.1. तापमान तेच, घाम उडण्याचा वेग मात्र साडेतीन पटींनी कमी. मग घाम नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या थेंबाने गारवा मिळत नाही.

शस्त्रक्रिया झालेल्याची अडचण इथेच आहे. पाठीवर घामाच्या धारा, त्यातला बराचसा वाया. आणि वाऱ्याला उघडे असलेले चेहरा, मान, दंड कोरडे. त्वचेला मात्र पाणी ग्रंथीतून आलं की बाटलीतून, याने काही फरक पडत नाही. कोरड्या भागावर दर काही मिनिटांनी पाणी फवारा, ओला रुमाल फिरवा, पंख्यासमोर किंवा वाऱ्यात राहा. पाठीचा घाम सारखा पुसू नका, पुसलेला घाम फुकट जातो. दमट दिवशी वेग आणि वेळ दोन्ही कमी करा.

घाम गाळला की शरीरातली विषं निघतात आणि चरबी वितळते, हा दावा मात्र सोडून द्या. विषं काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामाने घटलेलं वजन हे पाण्याचं वजन. 1997 मध्ये अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात महाविद्यालयीन कुस्तीगीर उष्णतेत, घाम उडू न देणारे कपडे घालून व्यायाम करत राहिले. काही आठवड्यांत तिघांचा मृत्यू झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर असल्या सूटपासून लांबच राहावं.

हृदयाला वेग वाढवायला सांगणारे काही तंतूही याच भागातून जातात. त्यामुळे अनेकांची नाडी आधीइतकी चढत नाही. मनगटावरचं घड्याळ ‘अजून जोर लावा’ म्हणत असलं तरी दम किती लागतोय त्यावरून ठरवा. पळताना एखादं वाक्य सलग बोलता आलं पाहिजे.

सर्जनने परवानगी दिल्यावर सुरुवात सावलीत, थोड्या वेळाची. उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. 1 किलो घट म्हणजे साधारण 1 लिटर पाणी गेलं. भरपाईचा घाम भरपूर असेल तर मीठही जातं, नुसतं पाणी ढोसू नका. चक्कर, मळमळ जाणवली की थांबा. कुणी असंबद्ध बोलू लागला तर ‘अंग घामेजलंय, म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका. मदत बोलवा आणि ती येईपर्यंत गार पाण्याने अंग थंड करत राहा.

एक औषधांचं. भरपाईचा घाम आवरायला कधी ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन देतात. ती सगळ्या अंगाचा घाम कमी करतात, चालू ग्रंथींचाही. ही औषधं सुरू असताना उन्हात पळायचं का, हे आधी डॉक्टरांना विचारा.